भाभांचे वीस वर्षांचे भाकीत

ऑगस्ट १९५५. जीनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत सत्तरहून अधिक देशांचे शास्त्रज्ञ, अभियंते आणि सरकारी अधिकारी जमले होते. अणुशक्तीचा शांततेसाठी उपयोग कसा करायचा, यावर भरलेली ही पहिलीच मोठी जागतिक परिषद. हिरोशिमाला जेमतेम दहा वर्षे झाली होती. अध्यक्षपदी होते मुंबईचे होमी जहांगीर भाभा. वय ४५. त्यांच्या स्वतःच्या देशात त्या दिवशी एकही अणुभट्टी चालत नव्हती.

८ ऑगस्टच्या अध्यक्षीय भाषणात भाभा विखंडनाशी, म्हणजे युरेनियमचे जड केंद्रक फोडून ऊर्जा मिळवण्याशी, थांबले नाहीत. हायड्रोजनची हलकी केंद्रके एकमेकांत मिसळली तरी ऊर्जा निघते. सूर्य त्यावरच तळपतो. याला संमीलन म्हणतात. ही ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याची पद्धत येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत भाभांनी केले. ती सापडली की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा मिटेल, कारण तिचे इंधन, जड हायड्रोजन, समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे, असेही त्यांचे म्हणणे होते.

सभागृहातल्या काही पाहुण्यांची या वाक्याने पंचाईत झाली असणार. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया या तिन्ही देशांत नेमके हेच संशोधन चालू होते, पण गुप्तपणे. संमीलन घडवणे माणसाला जमले होतेच. १९५२ मध्ये अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बचा स्फोट करून ते दाखवले होते. प्रश्न होता तो ‘नियंत्रित’ या एका शब्दाचा. भाभांच्या भाषणानंतर अमेरिकेने आपल्याकडेही असे काम चालू असल्याचे मान्य केले.

ती दोन दशके १९७५ मध्ये संपली. त्यालाही आता अर्धे शतक उलटून गेले. संमीलनावर चालणारे वीजकेंद्र अजून जगात कुठेही नाही. मग भाभांसारखा तोलूनमापून बोलणारा माणूस एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून असे का म्हणाला? उतावीळपणा म्हणून ते सोडून देता येत नाही. त्याचे उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात आहे.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर वकील; आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्र अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही घरची इच्छा. मुलाचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे. अखेर वडिलांनी तोडगा काढला: अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षणाचा खर्च मी करतो. १९३० मध्ये होमीने ती अट पुरी केली. या तडजोडीकडे बहुतेक चरित्रांत गमतीचा प्रसंग म्हणून पाहिले जाते. पण यंत्र कसे चालते आणि कसे बिघडते हे ठाऊक असलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ भारताला मिळाला, तो या अटीमुळेच.

केंब्रिजमध्ये त्यांचे नाव झाले ते विश्वकिरणांवरील कामामुळे. अवकाशातून आलेला एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की त्यातून प्रकाशकण, प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी, त्यांतून पुन्हा प्रकाशकण, असा वर्षाव तयार होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. १९३७ मध्ये वॉल्टर हाइट्लर यांच्याबरोबर भाभांनी या वर्षावाचे गणित मांडले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीला आजही त्यांच्या नावाने ‘भाभा विकिरण’ म्हणतात. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले असतानाच युरोपात युद्ध पेटले आणि परतणे राहून गेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. युद्ध संपताच कोणत्याही नामवंत विद्यापीठात जाता आले असते. त्यांनी इथेच राहायचे ठरवले.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची एक उत्तम संस्था भारतात उभी करावी, अशी त्यात मागणी होती. अणूच्या ऊर्जेपासून वीज मिळू लागेल तेव्हा, म्हणजे साधारण दोन दशकांनी, भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे त्यांनी त्यात म्हटले होते. हिरोशिमावर बॉम्ब पडायला त्या वेळी सुमारे १७ महिने अवकाश होता. त्या काळात अणूपासून वीज ही गोष्ट एखाद्या ट्रस्टच्या टेबलावर मांडणे म्हणजे धाडसच. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली; आधी बंगळुरूला, मग मुंबईत पेडर रोडवरच्या त्यांच्या आत्याच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्याच्या अर्ध्या भागात.

आता या पत्रातल्या दोन दशकांचे काय झाले ते पाहा. १९५४ मध्ये सोव्हिएत रशियातील ओबनिन्स्क येथे अणुभट्टीतून विजेच्या जाळ्यात वीज गेली. वीस वर्षांचा अंदाज दहा वर्षांतच खरा ठरला. शिकागोत फर्मी यांनी पहिली अणुभट्टी चालवली ती डिसेंबर १९४२ मध्ये. जीनिव्हाच्या भाषणात भाभांनी त्याचा मुद्दाम उल्लेख केला. संमीलनातल्या तांत्रिक अडचणी मोठ्या आहेत हे त्यांना मान्य होते, पण पहिल्या अणुभट्टीलाही अजून १५ वर्षे झालेली नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकदा वीस वर्षे म्हणून दहात काम झालेले ज्याने पाहिले, तो दुसऱ्यांदाही वीसच म्हणणार.

चूक झाली ती इथे. विखंडनावर ताबा मिळवणे सोपे गेले, त्यात माणसाच्या हुशारीइतकाच निसर्गाच्या मेहेरबानीचा वाटा होता. संमीलनात ती मेहेरबानी नाही.

हा फरक समजण्यासाठी आधी ताबा ठेवणे म्हणजे काय ते पाहू. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, निमगाव केतकीच्या बाजूला, ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. काहिलीत रस उकळत असतो. जळव्या चुलवाणात चिपाडे सारत असतो. गुळव्याची नजर काहिलीवर. बुडबुडे कसे येतात ते तो पाहतो, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो आणि जाळ वाढवायला किंवा ओढायला सांगतो. मोजायचे, ठरवायचे, दुरुस्ती करायची आणि दुरुस्तीचा परिणाम पाहून पुन्हा मोजायचे. अभियंते यालाच फीडबॅक नियंत्रण म्हणतात. गुळव्याला हे जमते, कारण त्याच्या हाताशी वेळ असतो. पाक बिघडायला काही मिनिटे लागतात. तीच काहील एका सेकंदात उतू जात असती, तर जगातला सर्वांत तरबेज गुळव्याही हात टेकून बसला असता.

अणुभट्टीतही मोजणे, ठरवणे, दुरुस्ती करणे हेच चालते. एक युरेनियम केंद्रक फुटले की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते आणखी केंद्रके फोडतात. ही पिढी पुढे सरकायला सेकंदाचा दहाहजारावा भाग इतकाच वेळ लागतो. सगळेच न्यूट्रॉन असे तत्काळ निघत असते, तर जराशी वाढ झाली तरी दांडा खाली सोडेपर्यंत शक्ती हाताबाहेर गेली असती. पण शंभरातला एकही पुरता नाही, सुमारे ०.६५ टक्के इतका वाटा उशिरा निघतो. फुटलेल्या तुकड्यांतून, काही सेकंदांनी, कधी मिनिटभरानेही. भट्टी नेहमी या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांवर अवलंबून राहील अशा बेताने चालवतात. त्यामुळे तिची चाल सेकंदांच्या हिशेबात येते आणि यंत्राला, प्रसंगी माणसालाही, सावरायला वेळ मिळतो.

हे सारे भाभांनी घरी करून पाहिले ते जीनिव्हानंतर वर्षभरात. तुर्भ्याला पाण्याच्या हौदातली एक छोटी संशोधन अणुभट्टी बांधायचे १९५५ मध्ये ठरले होते. इंधन ब्रिटनने दिले. भाभांचे केंब्रिजपासूनचे स्नेही सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांचा त्यात मोठा हात होता. इमारत, हौद आणि भट्टीवर ताबा ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र इथल्या माणसांनी बनवली. ए. एस. राव यांच्या गटाने न्यूट्रॉन मोजणारी उपकरणे आणि नियंत्रणाची मंडले तयार केली. त्या काळी मुंबईत साधा रेडिओ दुरुस्त करायचा तर आयात केलेले भाग शोधत फिरावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी ही भट्टी चालू झाली. तिला ‘अप्सरा’ हे नाव नेहरूंनी दिले.

आता संमीलनाकडे वळू. दोन हायड्रोजन केंद्रकांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ती एकमेकांना ढकलतात. त्यांना जवळ आणायचे तर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो. आजच्या यंत्रांचे लक्ष्य १५ कोटी अंशांचे आहे, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. इतक्या उष्णतेत अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूचा प्लाझ्मा बनतो. कोणतेही भांडे त्याला धरू शकत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राचा पिंजरा करतात. पन्नाशीच्या दशकातली सोपी वाटणारी युक्ती अशी होती: प्लाझ्मातूनच जबरदस्त विद्युतप्रवाह सोडायचा. त्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला चारी बाजूंनी आवळून धरते.

कागदावर छान. प्रत्यक्षात प्लाझ्माच्या दोरीला कुठे किंचितसा बाक आला, की बाकाच्या आतल्या बाजूला क्षेत्राच्या रेषा दाटतात आणि बाहेरच्या बाजूला विरळ होतात. म्हणजे बाक आणखी बाहेर ढकलला जातो. मग तो आणखी वाढतो. पाण्याचा जोरात चाललेला पाइप हातातून सुटला की जसा नाचतो, तसा प्लाझ्मा नाचतो आणि लाखाव्या सेकंदाच्या हिशेबात भिंतीला जाऊन भिडतो. उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांसारखा सावकाश चालणारा कोणताही घटक इथे नाही. निसर्गाने वेळच दिलेला नाही.

याचा सर्वांत बोचरा अनुभव आला तो कॉकक्रॉफ्ट यांनाच. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनच्या हारवेल केंद्राने झीटा नावाच्या यंत्रात संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांनी कृत्रिम सूर्य उगवल्याचा गाजावाजा केला. काही महिन्यांतच दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते. प्लाझ्माच्या अस्थिरतेत काही कण भलत्याच वेगाने फेकले गेले, त्यांच्या टकरींतून ते निघाले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जीनिव्हात दुसरी परिषद भरली आणि मोठ्या देशांनी गुप्ततेचा पडदा बाजूला केला. पाहतात तो सगळ्यांची रडकथा एकच. प्रत्येकाचा प्लाझ्मा निसटत होता.

भाभांनी संमीलनाचा मोठा प्रकल्प भारतात काढला नाही, हा त्यांचा व्यवहारी शहाणपणा म्हणायला हवा. पैसा आणि माणसे त्यांनी विखंडनावर लावली. पण आज मागे वळून पाहिले तर संमीलनाला ज्या दोन गोष्टींची खरी गरज होती, त्या दोन्ही ते उभारतच होते. टाटा संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने भारतीय बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये चालू केला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्स. १९६२ च्या युद्धानंतर देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आढावा घेणारी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष भाभाच. अप्सरेची मंडले बांधणाऱ्या गटातूनच पुढे १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली. वाटेत आलेली झाडे न तोडता दुसरीकडे हलवायला लावणारे, बैठकीत समोरच्याचे रेखाचित्र काढणारे, अविवाहित राहिलेले भाभा या बाबतीत मात्र अगदी रोखठोक होते: उपकरण विकत आणले तर ते बिघडल्यावर आपण पुन्हा परावलंबी.

२४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान जीनिव्हात उतरण्याच्या तयारीत असताना मों ब्लांच्या शिखराजवळ डोंगरावर आदळले. ११७ जण ठार झाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघालेले भाभा त्यांत होते. वय ५६. समितीचा इलेक्ट्रॉनिक्सवरील अहवाल त्यानंतर बाहेर आला. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

संमीलनाला नवी उभारी मिळाली ती त्यांच्या पश्चात दोन-तीन वर्षांनी. रशियन शास्त्रज्ञांच्या टोकामाक नावाच्या, मेदूवड्याच्या आकाराच्या यंत्रात प्लाझ्मा सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापून टिकतो, हे १९६८ मध्ये जाहीर झाले. ब्रिटिशांनी स्वतः जाऊन लेसरने ताप मोजला, तेव्हा जगाचा विश्वास बसला. भाभांची मुदत संपली त्या १९७५ मध्ये रशियात टी-१० आणि अमेरिकेत प्रिन्स्टन लार्ज टोरस ही मोठी टोकामाक यंत्रे नुकती कुठे सुरू होत होती.

पुढे एक नवीच अडचण निघाली. प्लाझ्माचा छेद गोल न ठेवता उभट केला तर तो उष्णता अधिक चांगली धरून ठेवतो. पण उभट प्लाझ्मा जागेवर राहत नाही. जरा वर सरकला की वरच निघून जातो, खाली सरकला की खाली. इथे एक साधी गोष्ट कामी आली. तळहातावर पेन्सिल उभी तोलता येत नाही, पण लांब काठी तोलता येते, कारण काठी सावकाश पडते. प्लाझ्माभोवतीच्या धातूच्या भिंतीचे काम तेच. प्लाझ्मा हलला की भिंतीत प्रवाह उठतात आणि त्याला मागे रेटतात. पण ते प्रवाह लवकरच विरतात, म्हणून प्लाझ्मा सावकाश का होईना, पडतोच. लाखाव्या सेकंदांतला तोल जाणे त्यामुळे हजाराव्या सेकंदांवर येते. निसर्गाने न दिलेला वेळ अभियंत्यांनी असा मिळवला. तेवढ्या वेळात भोवतीची तारांची वेटोळी प्लाझ्माचे चुंबकीय क्षेत्र मोजतात, संगणक त्यावरून त्याची जागा आणि आकार काढतो, चुंबकांच्या प्रवाहात दुरुस्ती करतो आणि सेकंदाला हजारो वेळा हेच पुन्हा करतो. गुळव्याचेच काम, फक्त मिनिटांच्या जागी मिलिसेकंद.

ताबा सुटला तर काय? वाचकांच्या मनात चेर्नोबिल येणे साहजिक आहे. तसा स्फोट इथे होत नाही. यंत्रात एका वेळी फार तर काही ग्रॅम इंधन असते आणि भिंतीला टेकताच प्लाझ्मा विझतो. नुकसान होते ते यंत्राचे. लाखो अँपिअरचा प्रवाह क्षणात तुटतो, भिंतीवर प्रचंड धक्के बसतात. कधी कधी काही इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने सुटतात आणि टकरींतून आपली संख्या वाढवत जातात. ही प्रक्रिया विश्वकिरणांच्या वर्षावाहून वेगळी, पण एकाचे दोन, दोनाचे चार होण्याची तऱ्हा भाभांच्या ओळखीचीच.

भारतात हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत रुजले. त्यातून गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था झाली आणि १९८९ मध्ये तिथे ‘आदित्य’ हा देशी टोकामाक चालू झाला. त्यातला प्लाझ्मा सेकंदाचा एक लहानसा भाग टिके. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे एका टोकामाकच्या १९ चुंबकांचा ताबा प्रयोगादाखल स्वतः शिकणाऱ्या संगणकप्रणालीकडे देण्यात आला. ती सेकंदाला दहा हजार वेळा आज्ञा देत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या वेस्ट या टोकामाकमध्ये प्लाझ्मा १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून अधिक काळ, धरून ठेवला गेला.

तेही वीजकेंद्र नव्हे. त्या दिशेचा सर्वांत मोठा प्रयोग, इटर, फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश येथे उभा राहत आहे. मों ब्लांपासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर. भारत त्यातला भागीदार आहे. यंत्राला बाहेरून वेढणारे ३,८५० टनांचे पोलादी भांडे गुजरातमधील हजिरा येथे तुकड्यांत बनवून समुद्रमार्गे तिकडे गेले. सुधारित वेळापत्रकाप्रमाणे तिथले संशोधन २०३४ मध्ये सुरू व्हायचे आहे.